लहान मुलांच्या घरातली मजा नेमकी कुठे असते?

तुम्ही लिहिले आहे की घरात साडेतीन वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा आहे, दिवसभर पसारा, हट्ट आणि रडारड चाललेली असते, आणि नातेवाईक मात्र "हेच दिवस मजेचे असतात" असे सांगत राहतात. ही मजा खरोखर असते का, आणि असल्यास ती आपल्याला का दिसत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. माझी थोरली मुलगी आता दुसरीत आहे आणि धाकटा बालवाडीत जातो, म्हणजे तुमचा आजचा टप्पा आमच्या घरातून जाऊन फार काळ लोटलेला नाही. माझे उत्तर असे आहे की मजा नक्की असते, परंतु ती पसाऱ्यात किंवा आरडाओरड्यात शोधू नये. ती मुलाच्या तर्कात असते. मूल जे काही करते त्यामागे बहुतेक वेळा एक पक्का, प्रामाणिक आणि आपल्यापेक्षा अगदी निराळा विचार असतो. तो विचार ध्यानात आला की हसू आपोआप येते, आणि तो ध्यानात आला नाही तर तीच गोष्ट केवळ त्रास म्हणून आपल्या वाट्याला येते.

आमच्याकडे सर्वांत मोठी भांडणे संध्याकाळच्या दुधावरून होत असत. थोरलीला उंच पेला लागे आणि धाकट्याला बसके, रुंद फुलपात्र. दूध मी मोजून सारखेच ओतत असे, तरीही आपल्याला कमी मिळाले म्हणून धाकटा रोज रडे. एकदा मी त्याच्या डोळ्यांसमोर फुलपात्रातले दूध एका रिकाम्या उंच पेल्यात ओतले, तेव्हा तो अत्यंत समाधानाने म्हणाला, "आता झालं जास्त!" स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांसमोर नेमका हाच प्रयोग करून दाखवला होता. साधारण सात वर्षांपर्यंतचे मूल द्रवाची केवळ उंची पाहून निर्णय घेते. भांड्याची रुंदी आणि उंची यांचा मेळ एकाच वेळी घालणे त्याच्या बुद्धीला अजून जमत नसते. म्हणजे मी "दोघांना सारखंच आहे" असे सांगत होते, तेव्हा मुलाच्या दृष्टीने मी धडधडीत खोटे बोलत होते, आणि त्या अन्यायाविरुद्धचे त्याचे रडणे अगदी खरे होते. आम्ही दोन एकसारखी फुलपात्री आणली आणि भांडण मिटले. पोळीच्या बाबतीत तर हाच तर्क आईच्या बाजूने वळतो: एका पोळीचे चार तुकडे करून वाढले की चार पोळ्या मिळाल्याचा आनंद मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो.

दूरध्वनीवरचा प्रकार तर तुमच्याही घरी होत असेल. गावाहून आजी विचारते, "जेवलास का रे?" आणि धाकटा जोरजोरात मान हलवतो. आजीला उत्तर ऐकू येत नाही म्हणून ती पुन्हा विचारते, तो आणखी जोरात मान हलवतो, आणि नंतर खरचटलेला गुडघा फोनच्या जवळ नेऊन आजीला "दाखवतो". मला जे दिसते ते सर्वांना दिसते, अशी त्या वयातली ठाम समजूत असते. लपाछपीत पडद्यामागे उभे राहून, पाय बाहेर ठेवून, डोळे मात्र घट्ट मिटून घेणारे मूल याच समजुतीने वागत असते, आणि "कुठे बरं गेला?" असे विचारल्यावर आतून "इथे!" असे उत्तरही देते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी माहिती असू शकते हे बहुतेक मुलांना चार वर्षांच्या आसपास स्पष्टपणे कळू लागते. तोवर त्यांना नीट खोटेसुद्धा बोलता येत नाही. दिवाळीत फराळाच्या डब्याजवळ उभी असलेली, ओठांना बेसन लागलेली माझी मुलगी मला म्हणाली होती, "मी लाडू नाही खाल्ला. आणि तो खूप गोड होता." अशा क्षणी तिला खोटारडी ठरवणे मला कधीच योग्य वाटले नाही, कारण खोटे बोलण्यासाठी लागणारी समज तेव्हा तिच्यात नुकतीच उगवत होती, आणि ती उगवताना पाहायला मिळणे हे मी भाग्य मानते.

आता मोडलेल्या केळ्याकडे वळते, कारण तुम्ही तुमच्या मुलीच्या हट्टाबद्दल विशेष काळजीने लिहिले आहे. केळे सोलताना मध्येच मोडले आणि मुलीने अर्धा तास आकांत केला; "दुसरे देते" म्हटले तरी नको, कारण तिला हेच केळे आणि तेही अखंड हवे होते. मोठ्यांना हा शुद्ध हेकटपणा वाटतो. इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी लहान मुलांच्या निरीक्षणातून असे मांडले होते की पहिल्या तीन-चार वर्षांत मुलाला व्यवस्थेची तीव्र ओढ असते: वस्तू जशी असायला हवी तशी असली, रोजचा क्रम जसा असतो तसा राहिला, की त्याला जग भरवशाचे वाटते. केळे मोडते तेव्हा मुलीच्या मनातली केळ्याची अखंड प्रतिमा मोडलेली असते, आणि ते दुःख शब्दांत सांगण्याइतकी भाषा तिच्याजवळ अजून नसते. त्या वेळी युक्तिवाद करू नये. मी शेजारी बसून "केळं मोडलं. तुला आख्खं हवं होतं" एवढेच म्हणत असे, आणि रडण्याचा भर ओसरेपर्यंत दुसरे काही बोलत नसे. यामुळे रडणे लगेच थांबत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. परंतु मूल आणि आई यांच्यातले भांडण मात्र त्यातून निघून जाते. पुढच्या वेळेपासून केळे मुलाच्या हाती देऊन त्यालाच सोलू द्यावे. स्वतःच्या हाताने मोडलेले केळे बहुतेक मुले आनंदाने खातात.

स्वतःच्या हाताने काही करू देण्याचा हा मुद्दा पसाऱ्याच्या मुळाशी आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. मुले स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्यात हात घालतात, पाणी सांडतात, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या विस्कटतात, आणि बाजारातून आणलेली महागडी खेळणी मात्र कोपऱ्यात पडून राहतात. त्यांना खोटे काम नको असते, खरे काम हवे असते. माँटेसरीबाई 1939 साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत येथे राहिल्या, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्यांचे विचार आपल्या मातीत रुजवण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी केले. 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी वस्तीतल्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. परकीय साधनांवर पैसा खर्च करणे तेथे शक्य नव्हते आणि ताराबाईंना ते आवश्यकही वाटत नव्हते. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून मुले मोजायला, लावायला आणि निवडायला शिकली. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मुली शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्या भावंडांचीही सोय करण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेण्यात आली. मुलांना आपल्या सोयीच्या जागी ओढत आणण्याऐवजी मुले जिथे आहेत तिथे जाण्याचा हा विचार मला आजही थोर वाटतो, आणि घर चालवताना त्याचा मला फार उपयोग झाला आहे.

घरी याचा अर्थ इतकाच की मुलाला पसाऱ्यापासून दूर ठेवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा त्याला पसाऱ्यात एक जागा द्यावी. मटार सोलायला द्यावेत, कोथिंबीर निवडायला द्यावी, कणकेचा गोळा आणि लहान पोळपाट-लाटणे द्यावे, परातीत थोडे पाणी घालून दोन वाट्या द्याव्यात. साडेतीन वर्षांची मुलगी मटार उत्तम सोलते; अर्धे दाणे तिच्या पोटात जातात आणि काही सोफ्याखाली सापडतात, पण तेवढा वेळ ती पूर्ण एकाग्र असते. दीड वर्षाच्या मुलाला एका डब्यातले चमचे दुसऱ्या डब्यात टाकणे हेच मोठे काम वाटते. त्याच्या हातून वारंवार खाली पडणारा चमचा तुम्हाला जेरीस आणत असेल, परंतु तो तेव्हा एक गोष्ट तपासत असतो: वस्तू दर वेळी खालीच जाते का, दर वेळी आवाज येतो का, आणि आई दर वेळी उचलून देते का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याला एकदा ऐकून पटत नाहीत.

भाषेतली गंमतही याच जातीची आहे. "मी करलं", "बाबा येला", "चेंडू खाली जाला" असे मूल म्हणते, तेव्हा ते कोणाचे अनुकरण करत नसते, कारण घरात असे कोणीच बोलत नाही. "बसला", "हसला", "पडला" ही रूपे ऐकून त्याने एक नियम स्वतः शोधून काढलेला असतो आणि तो सर्वत्र लावलेला असतो. अपवाद पुढे येतातच. चुकीबद्दल थट्टा करू नये, टोकूही नये. आपल्या उत्तरात योग्य रूप सहज यावे: "हो का, बाबा आला का?" एवढे पुरे होते. तसेच, मूल पडल्यावर आपण सवयीने "बघ, मुंगी मेली" म्हणतो, तेव्हा मूल ते अक्षरशः खरे मानते. माझ्या मुलीने एकदा गुडघ्याचे दुखणे विसरून फरशीवर वाकून मुंगी शोधली, आणि ती सापडेना तेव्हा "तिला तिच्या आईने घरी नेलं" असा निर्वाळा दिला. हे ऐकून मला हसू आले आणि तिच्याबद्दल आदरही वाटला.

तरीही हसण्याला एक मर्यादा मी कटाक्षाने पाळते. मुलासोबत हसावे, मुलाला हसू नये. रडणाऱ्या मुलाचे चित्रण करून कुटुंबाच्या गटात पाठवणे, पाहुण्यांसमोर "परवा कसं म्हणालास ते म्हणून दाखव" असा आग्रह धरणे, हे मला मान्य नाही. चार वर्षांच्या मुलालाही अपमान कळतो. काही गोष्टींत तर गंमत मुळीच नसते. न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नये, कारण रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकते. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकतात. रिमोट आणि खेळण्यांमधल्या चपट्या गोल बॅटऱ्या मुलाने गिळल्या तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तशी शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

तुमच्या थकव्याबद्दल दोन गोष्टी सांगते. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेतली बरीच रडारड स्वभावातून येत नाही, झोप आणि भूक यांतून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. आपल्याकडे मोठ्यांची जेवणे रात्री साडेनऊला होतात, मुले अकराला झोपतात आणि सकाळी शाळेसाठी सातला उठवली जातात. ही बेरीज जमत नाही. मुलांना सात वाजता वरण-भात भरवून साडेआठला अंथरुणावर नेण्यास सुरुवात केल्यावर आमच्या घरचा निम्मा गोंधळ शमला. दुसरी गोष्ट म्हणजे मुलाचा तर्क समजून घ्यायला डोके शांत असावे लागते, आणि सकाळपासून एकट्याने दोघांना सांभाळणाऱ्या बाईकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. रोजचा ठरलेला एक तास मुलांच्या बाबांनी किंवा घरातल्या अन्य मोठ्या माणसाने पूर्णपणे सांभाळावा, आणि त्या तासात तुम्हाला हाक मारू नये. ही मदत मागताना संकोच करू नका, आणि कोणी "मदत" म्हणून उपकार दाखवले तर ती त्यांचीही मुले आहेत हे स्पष्टपणे सांगा.

शेवटी एक छोटी सूचना. एक साधी वही स्वयंपाकघरातच ठेवा आणि मुले जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत, चुकांसकट, तारीख घालून लिहा. वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीच्या आठवणी मोठेपणी बहुतेकांना राहत नाहीत, म्हणजे मुलांजवळ हे काहीच उरणार नाही. आणि "येला"चे "आला" काही महिन्यांतच होते, त्यामुळे आपल्यालाही नेमके वाक्य आठवत नाही. फार लिहिण्याची गरज नाही. वाक्य, तारीख, आणि तेव्हा मुलाच्या हातात काय होते, एवढे पुरते.