मामांना पुन्हा पुन्हा तेच स्वप्न पडतं, आम्ही काय करावं?

प्रश्न : मामी जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून मामा आमच्याकडेच आहेत. दिवसा बरे असतात, पेपर वाचतात, बोलतात. पण आठवड्यातून तीन-चार वेळा तरी पहाटे ओरडत उठतात. स्वप्न तेच, मामी बंद दाराच्या पलीकडून हाक मारतेय आणि ह्यांना कडी सापडत नाहीये. मामी गेली तेव्हा मामा आयसीयूच्या बाहेर बसलेले होते, आत सोडलं नव्हतं. आता झोपायचीच भीती वाटते म्हणून उशिरापर्यंत टीव्ही लावून बसतात. आई म्हणते विषय काढू नका, आपोआप विसरतील. त्यांना हलवून जागं करावं का? घरात आईच्या झोपेच्या गोळ्या आहेत, त्यातली एखादी दिली तर चालेल का?

उत्तर : गोळी अजिबात देऊ नका. दुसऱ्याला लिहून दिलेलं औषध मामांच्या वयाला, त्यांच्या बाकीच्या औषधांना चालेल की नाही हे घरी बसून कळत नाही, आणि झोपेच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या की स्वप्नं उलट वाढतात. दारूचंही तसंच, सुरुवातीला झोप लागते पण पहाटेची झोप पार बिघडते.

पहाटेच का, तर जास्त स्वप्नं पडतात ती आरईएम झोप रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जास्त असते, आणि त्यातूनच जाग आली की स्वप्न जसंच्या तसं आठवतं. मामा जागत बसतात ते कळतं हो, पण झोप तुटली की पुढच्या रात्री ही झोप आणखी जोरात येते आणि स्वप्नंही. म्हणून झोपायची वेळ शक्यतो रोज एकच ठेवा.

ओरडले की गदागदा हलवू नका. दिवा लावा, जरा अंतरावरून हाक मारा, "मामा, मी आहे, तुम्ही घरी आहात" एवढंच. काय दिसलं ते तेव्हा विचारू नका, पाणी द्या, शेजारी बसा.

विचारायचं ते दिवसा, आणि इथे माझं तुमच्या आईशी पटत नाही. विषय टाळला की मामा एकटेच त्या दाराशी उभे राहतात. दुपारी निवांत असताना विचारा, सांगावंसं वाटतंय का म्हणून. सांगायला लागले की "तुमची काय चूक त्यात" असं लगेच म्हणू नका प्लीज, आधी त्यांना पूर्ण बोलू दे, शेवटच्या वेळी आपण जवळ नव्हतो हे त्यांना कदाचित अजून कोणापाशी म्हणताच आलेलं नसेल. आणि स्वप्नाचा अर्थ लावत बसू नका, मामी बोलावतेय वगैरे तर मुळीच नको.

त्यांची तयारी असेल तर एक पद्धत करून बघता येते, इमेजरी रिहर्सल थेरपी म्हणतात तिला. झोपेवर काम करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या अकादमीने 2018 मध्ये वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांसाठी तिची शिफारस केलीय. दिवसा, जागेपणी, स्वप्न त्यांनी स्वतःच बदलायचं. दार उघडेल, किंवा बंदच राहील पण ते दाराशी बसून मामीशी बोलतील, काहीही चालेल, फक्त ते त्यांना सुचलेलं हवं, तुम्ही सुचवू नका. नवीन स्वप्न कागदावर लिहायचं आणि रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात बघायचं. जुनं उगाळायचं नाही. फरक पडायला काही आठवडे लागतात, आणि हे करताना त्रास वाढतोय असं वाटलं तर थांबवून थेरपिस्टकडेच जा.

डॉक्टरांना दाखवाच, आणि जाताना चालू औषधांची यादी न्या, कारण बीपीच्या बीटा ब्लॉकरसारख्या काही गोळ्यांनी आणि डिप्रेशनच्या काही औषधांनीही अशी स्वप्नं पडतात. झोपेत लाथा मारतात, पलंगावरून पडतात, घोरताना श्वास थांबतो, असं काही दिसलं असेल तर तेही सांगा. चार महिन्यांत एवढं दुःख असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत लांबलेला शोक म्हणायलाही निदान सहा महिने जावे लागतात. पण "आता मलाही तिच्याकडे जायचंय" असं काही बोलले तर सहा महिन्यांची वाट बघू नका, जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

आणि रात्री उठायच्या पाळ्या लावा घरात, रोज तुम्हीच उठत असाल तर तुमचीही झोप जातेय.