दुकान पेठेत घ्या, गोदाम नको

सांगलीचे एक वाचक विचारतात: तयार कपड्यांचा होलसेल धंदा आहे. हरभट रोडजवळ एकाच इमारतीत पुढे दुकान, मागे तळमजल्यावर गोदाम आणि वर ऑफिस, असं 48,000 रुपये भाड्यानं 5 वर्षांसाठी मिळतंय. डिपॉझिट 10 लाख. 20 लाख दिले तर मालक भाडं 42,000 करतो म्हणतात. वरचे 10 लाख सीसीतून, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून काढू का?

काढू नका. सीसीला साडेदहा टक्के व्याज भरता, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे 10 लाखांवर महिन्याला 8,750 जाणार आणि भाड्यात वाचणार 6,000. शिवाय ऐन दिवाळीच्या खरेदीला हात आखडता घ्यावा लागेल.

मला खरी काळजी वाटते ती गोदामाची. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. 2005 आणि 2021 चे पूरही तुम्ही विसरला नसाल. जागा पुन्हा एकदा भर दुपारी, उजेडात बघून या. लाइटचं मीटर किती उंच बसवलंय? मागच्या भिंतीला नवा गिलावा कुठवर आहे? शेजारच्या दुकानदाराला विचारा. पाणी कुठवर आलं होतं ते तो भिंतीला हात लावून दाखवेल. दुकानातला माल चार तासांत वर चढवता येतो, गोदामभर गठ्ठे नाही.

तेव्हा दुकान आणि वरचा मजला घ्या, कारण गिऱ्हाईक पेठेतच येतं. गोदाम कुपवाडकडे उंचावर बघा. टेम्पोच्या फेऱ्यांचा खर्च धरूनही मला हेच पटतं. मालक जागा तोडून द्यायला तयार नसतील, तर माल वर ठेवा आणि ऑफिस खाली आणा.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच करा. भाडं 5 वर्षं तेच राहिलं, तर आत्ताच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क 8,450 रुपये येतं, एवढ्यासाठी साध्या कागदावर भागवू नका. पाणी शिरल्यापासून जागा वापरण्याजोगी होईपर्यंत भाडं नाही, ही अट त्यात शब्दात लिहून घ्या. विम्यात पूर धरलेला हवा आणि रक्कम दिवाळीआधीच्या भरलेल्या मालाएवढी. कमी रकमेचा काढलात तर भरपाईही त्याच प्रमाणात कापतात.

मालकांचा जीएसटी नंबर नसेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून नियमित जीएसटी भरणाऱ्या भाडेकरूलाच 18 टक्के भरावे लागतात, 48,000 वर 8,640. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढे तुमच्या जीएसटीतून वजा होतो, पण आधी रोख जाते.

आता मालकांकडे बसाल तेव्हा गोदाम वगळून भाडं किती, एवढंच आधी विचारा. डिपॉझिटचं नंतर बोला.