भाद्रपदात मेथी-मुळा लावताना शुक्ल-कृष्ण पक्ष पाहावा का?

नाही पाहिलात तरी काही बिघडत नाही; चंद्राऐवजी मातीचा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पाहा. पालेभाज्या शुक्ल पक्षात आणि मुळा-गाजरासारखी कंदमुळं कृष्ण पक्षात लावायची, हा संकेत जगभर आहे, पण तुलना करून घेतलेल्या प्रयोगांत त्याला ठोस आधार मिळालेला नाही. चंद्र समुद्राला भरती आणतो म्हणून कुंडीतलं पाणीही वर ओढेल, हे पटण्यासारखं वाटतं खरं; पण भरतीला अख्खा समुद्र लागतो, बादलीभर मातीत तो परिणाम नगण्य असतो. आणि पौर्णिमेचं चांदणंसुद्धा उन्हाच्या सुमारे 4 लाखाव्या भागाइतकंच!

आपल्याकडे ‘नक्षत्र पाहून पेरणी’ म्हणतात ती मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही नक्षत्रं सूर्याची, चंद्राची नव्हेत. त्यात तथ्य आहे, कारण ती पावसाळ्याचे टप्पेच सांगतात. हे दोन्ही एकात कालवू नका.

मूठभर माती दाबा. पाणी गळलं तर थांबा. गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटला की पेरा. मेथी 4-5 दिवसांत वर येते. मुळा मात्र जागेवरच पेरा, रोप उपटून लावलं की फाटे फुटतात.

एक अपवाद सांगतो: किडी. निशाचर पतंगांच्या हालचालीवर चांदण्याचा परिणाम होतो आणि पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्यात ते कमी सापडतात. त्या दिवसांत सापळा रिकामा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, पानं उलटून अंडी बघा.