पुण्यात स्त्री-हक्कांच्या इतिहासाचा वॉक गाईडसोबत करावा की आपलं आपणच फिरावं?

तुम्ही विचारलंय की सुट्टीत पुण्याला येताय, सोबत सासूबाई आणि नववीतली मुलगी आहे, आणि स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासावरचा वॉक पैसे भरून घ्यावा की ठिकाणांची यादी हाताशी धरून फिरावं.

गाईड घ्या. मी पेठेतच राहते आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना हा भाग हौसेने फिरवते, म्हणून खात्रीने सांगते. इथे डोळ्यांना दिसण्यासारखं फार थोडं उरलंय, आणि सांगणारं माणूस नसेल तर दिसतंय तेही निसटतं.

भिडे वाड्याचंच बघा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेत, आजच्या दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर. वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्ज्यानंतर डिसेंबर 2023 मध्ये तो जीर्ण वाडा पाडला, तिथे स्मारक व्हायचंय. भाविक देवाला हात जोडतात तेव्हा त्यांची पाठ नेमकी त्या जागेकडे असते. हारवाले, पेढेवाले, चपला सांभाळणारे, रिक्षांचे हॉर्न, या सगळ्यात कोणी बोट करून दाखवल्याशिवाय तिकडे नजर जातच नाही.

आता गाईड कसा निवडायचा ते, कारण माझ्या मते हेच महत्त्वाचं. फोन केलात की एकच प्रश्न विचारा: 'विरोध कोणी केला, हे तुम्ही नावानिशी सांगता का?' सावित्रीबाईंवर शेण फेकलं, ही गोष्ट सगळेच सांगतात आणि ऐकणारे हळहळतात. पण तेवढ्यावर थांबलं की वाटतं, चार टवाळखोरांचं काम असेल. तसं नव्हतं. जोतीरावांच्या वडिलांनीच दोघांना घराबाहेर काढलं, तेव्हा आसरा दिला उस्मान शेख यांनी. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने कामात उतरल्या. आणि वाडा ज्यांनी दिला ते तात्यासाहेब भिडे ब्राह्मण होते. कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं, हे एका जातीच्या किंवा एका घराच्या हिशेबात बसत नाही. चांगला गाईड हा गुंता सोपा करून टाकत नाही.

तिथून लक्ष्मी रोडला आलात की हुजूरपागा. 1884 मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांनी मुलींचं हायस्कूल काढलं. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची जागा, म्हणून हे नाव. शाळा आजही भरते, त्यामुळे आत सोडतीलच असं नाही. पण या शाळेत मुलींना इंग्रजी शिकवू नये, घरकामाला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं, असं लिहिणाऱ्यांत टिळकांची वर्तमानपत्रं आघाडीवर होती. पुण्यात उभं राहून हे बोलायला काही गाईड अजून कचरतात. टिळकांचं मोठेपण त्याने कमी होत नाही, पण मुलींची बाजू लढवणाऱ्यांना केवढ्या ताकदीच्या माणसाशी झुंजायचं होतं ते कळतं. पुढे 1920 च्या सुमारास नगरपालिकेत वाद पेटला की सक्तीचं प्राथमिक शिक्षण फक्त मुलांना द्यायचं की मुलींनाही. तेव्हा बायकांसाठी काम करणाऱ्या सेवासदन संस्थेच्या रमाबाई रानडे बायकांना घेऊन पुढे झाल्या. तो प्रसंग गाईडकडून आवर्जून ऐका.

विश्रामबागवाडा वाटेतच आहे. 1852 मध्ये सरकारने जोतीरावांचा सत्कार केला तो इथे. बाकी तिथे पाच मिनिटं पुरे.

जास्तीत जास्त वेळ ठेवा तो गंज पेठेतल्या फुलेवाड्यासाठी. आवारात विहीर आहे, आणि घरातला पाण्याचा हौद जोतीरावांनी 1868 मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला होता. पण मला तिथे दरवेळी आठवते ती काशीबाई. जोतीरावांच्या गोवंडे नावाच्या स्नेह्यांकडे स्वयंपाकाला असलेली तरुण ब्राह्मण विधवा. एका शास्त्र्याने तिला फसवलं, दिवस गेले, मूल झालं आणि लोकलाजेने तिने ते विहिरीत टाकलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांना काही नाही. जोतीरावांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्यानंतर 1863 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरात विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली. आलेल्या बायकांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी काढली आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. लेकीसमोर हे कसं बोलायचं असं मनात येईल, पण नववीतल्या मुलीला हे समजतं. सासूबाईंना तर आपल्याहून जास्त समजेल.

मुलीसाठी आणखी एक. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताने 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती त्यात देवालाच विचारते. तेव्हा ती साधारण तुमच्या लेकीच्याच वयाची होती. निबंध छोटा आहे, येण्याआधी वाचायला द्या.

बहुतेक वॉक एकोणिसाव्या शतकातच संपतात, ही माझी तक्रार आहे. 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यात झालं. 1989 पासून विद्या बाळ यांनी इथून 'मिळून साऱ्याजणी' हे मासिक चालवलं. 1993 मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. सकाळी फिरताना त्यांची ढकलगाडी दिसेलच, गाईडला त्याबद्दल विचारा.

सोयीचं म्हणाल तर सकाळी सातला सुरुवात करा, दहानंतर लक्ष्मी रोडवर चालणं मुश्किल. मेट्रोने मंडईला उतरा. सासूबाईंसाठी मंडई ते फुलेवाडा रिक्षा करा, पेठांतले फुटपाथ भरवशाचे नाहीत. विधवांच्या शिक्षणासाठी झटलेल्या धोंडो केशव कर्व्यांची हिंगण्याची झोपडी मात्र त्याच दिवशी नको. ती कर्वेनगरला आहे, त्यासाठी वेगळी सकाळ काढा आणि आधी तिथल्या कर्व्यांच्या संस्थेत फोन करून विचारून घ्या.