तुम्ही विचारलंत, नीटचा, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म यंदा भरू की पुढच्या वर्षी?

वय आड येईल का, हे आधी डोक्यातून काढा. नीटची कमाल वयोमर्यादा 2022 मध्येच उठली. मी स्वतः चौतिशीत एमबीबीएसला प्रवेश घेतला. प्रश्न तयारीचा आहे.

आज रात्री मुलं झोपली की एक जुना पेपर सोडवायला बसा. 180 प्रश्न, तीन तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत. बायोलॉजीला 720 पैकी 360 गुण, ते वाचून-वाचून आवरतं. माझं घोडं पेंड खायचं ते फिजिक्सला. बारावी होऊन सोळा वर्षं झालेली, घर्षणाची दिशाच उलटी धरायचो. चुकलं की चार गुण हुकतात, वर एक कापला जातो तो वेगळाच.

लागोपाठ तीन-चार पेपरांत आकडा तुमच्या प्रवर्गाच्या गेल्या वर्षीच्या प्रवेशाच्या कटऑफजवळ टिकला, तरच नोकरी सोडा. फॉर्म मात्र यंदाच भरा, परीक्षेच्या हॉलची भीती तरी मोडेल.

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. मी बायकोसमोर वहीत गृहकर्जाचे हप्ते मांडले, तेव्हा कुठे नोकरी सोडायला एक वर्ष थांबायचं ठरलं. आणि हो, डोमिसाइलचा दाखला आत्ताच काढून ठेवा. ऐन प्रवेशफेरीत त्यापायी माझे चार दिवस रांगेत गेले.