इंजेक्शन देऊन ‘फाशी’?

प्रश्न असा आहे: ‘टेक्सासमध्ये विषारी इंजेक्शन देऊन खुन्याला फाशी’ अशी बातमी वाचली. दोरच नाही, तर फाशी कसली? देहदंड म्हणावं की मृत्युदंड?

फाशी फासातून आली आणि फासाचं नातं संस्कृत पाशाशी. आपल्या जुन्या शिक्षांची नावं अशीच रोखठोक आहेत: सुळावर देणं, कडेलोट, हत्तीच्या पायी देणं. जीव कसा घेतला हे वेगळं विचारावं लागत नाही. पुढे इंग्रजी अमलात दोर तेवढा रूढ झाला, न्यायालयातून ‘मरेपर्यंत फाशी’ ऐकू येऊ लागलं आणि फाशी हेच अशा शिक्षेचं सर्वसाधारण नाव होऊन बसलं. त्यामुळे ‘टेक्सासात फाशीची शिक्षा आहे’ हे मराठी कानाला खटकत नाही. साधनाचा उल्लेख आला की मात्र झोपलेला दोर जागा होतो, आणि ‘इंजेक्शन देऊन फाशी’ हास्यास्पद वाटतं.

खुद्द टेक्सासात एके काळी दोरच होता. 1923 पर्यंत तिथल्या काउंट्या, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे म्हणा, आपापल्या गुन्हेगारांना फाशी देत. मग राज्याने हे काम हंट्सव्हिलच्या तुरुंगाकडे घेतलं. 1924 ते 1964 या काळात विजेच्या खुर्चीवर 361 जणांचा जीव घेतला गेला. (‘विजेच्या खुर्चीवर फाशी’ असंही छापून येतं, काय बोलावं!) 7 डिसेंबर 1982 रोजी त्याच तुरुंगात चार्ल्स ब्रूक्सला इंजेक्शन दिलं गेलं. या पद्धतीने दिलेली ही जगातली पहिली शिक्षा. 2012 पासून तिथे पेंटोबार्बिटल हे एकच औषध वापरतात. मुळात ते गुंगीचं, जीव जातो तो मात्रेमुळे. म्हणून ‘विषारी’पेक्षा ‘प्राणघातक इंजेक्शन’ बरं.

आता पर्यायी शब्द. देहदंड भारदस्त आहे, पण उपासतापास करून शरीराला कष्ट देणं हाही त्याचा अर्थ आहे. ‘देहान्त प्रायश्चित्त’ म्हटलं की रामशास्त्री आठवतात, पण प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं असतं. मृत्युदंडाला थोडा हिंदीचा वास येतो, तरी अर्थ नेमका आहे. मी तोच लिहीन. अमेरिकेतली शेवटची खरीखुरी फाशी 1996 मध्ये डेलावेअर राज्यात झाली. तिथे अर्थात ‘फाशी’च हवी.

खरा घोळ मला नामापेक्षा क्रियापदात दिसतो. ‘त्याला फाशी झाली’ म्हणजे निकाल लागला की माणूस गेला? आपण दोन्हीसाठी तेच बोलतो. टेक्सासात ज्युरीच्या निर्णयानंतर अपिलांमध्ये दहा-पंधरा वर्षं सहज जातात. तोवर पुरुष कैदी लिव्हिंग्स्टनजवळच्या पोलन्स्की तुरुंगात असतात आणि शिक्षेच्या दिवशी त्यांना हंट्सव्हिलला नेतात. म्हणजे कोठडी एका गावी, मृत्युकक्ष दुसऱ्या गावी. तेव्हा निकालाच्या बातमीत ‘मृत्युदंड सुनावला’ लिहावं आणि हंट्सव्हिलहून आलेल्या बातमीत ‘मृत्युदंड दिला’. मथळ्यात जागा नसेल तर ‘सुनावला’ गाळावं, ‘दिला’ गाळू नये.