पिशवीतून आलेली पळी

"मॅडम, मी काहीच खात नही, तरी वजन उतरत नही."

खुर्चीवर टेकायच्या आतच ताई हे बोलून मोकळ्या झाल्या. वय 43, उंची 152 सेंटिमीटर, वजन 74 किलो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) धुळ्यात आहार समुपदेशन करताना हे वाक्य मला आठवड्यातून चारदा तरी ऐकायला मिळतं. बोलणारी बाई बहुतेक वेळा खोटं बोलत नसते. तिला मनापासून तसंच वाटत असतं.

थायरॉईडचा रिपोर्ट त्या सोबत घेऊनच आल्या होत्या. तो नॉर्मल होता. दोन वर्षांत तीनदा तपासून झालं होतं, कारण कोणीतरी म्हणालं होतं, "थायरॉईडच असणार." तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) मात्र 5.9 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गुडघे दुखायचे. आणि नवऱ्याचं म्हणणं, महिन्यात दहा किलो उतरलं पाहिजे.

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. मी छापील तक्ता हातात दिला: सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, रात्री सूप. खान्देशातल्या चार माणसांच्या घरात एका बाईनं स्वतःसाठी वेगळं सूप कधी करायचं, हा विचार मी केलाच नव्हता. अकरा दिवस त्यांनी तो तक्ता पाळला. मग दीड महिना आल्याच नाहीत. आल्या तेव्हा वजन सहाशे ग्रॅमनं वाढलेलं आणि मान खाली.

मी तक्ता बाजूला ठेवला. म्हटलं, "ताई, काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगा. उभ्या उभ्या खाल्लेलंही."

सकाळी दोन चहा, टोस्ट. नाश्ता नाही. मुलाच्या डब्यात उरलेली अर्धी पोळी, "टाकवत नाही ना." दुपारी नुसती भाजी आणि थोडा भात. भाकरी बंद, कारण भाकरीनं वजन वाढतं असं कुठंतरी ऐकलेलं. साहजिकच पाच वाजता पोटात कावळे ओरडायचे, मग मुरमुऱ्यात शेव. रात्री साडेनऊला जेवण. सोमवारी आणि गुरुवारी उपवास, म्हणजे शेंगदाण्याचं कूट घालून साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा चिवडा. उपवासाच्या दिवशी पोटात एरवीपेक्षा जास्तच जात होतं. हे मी सांगितल्यावर त्या थोड्या रागावल्याही.

भाकरीचं मला जास्त वाईट वाटलं. दादर ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण 200 कॅलरी असतात, तेवढ्याच दोन मुठी शेवेत. फरक एवढाच की भाकरी तीन-चार तास पोटाला धरून राहते आणि शेव खाल्ल्यावर हात पुन्हा डब्यात जातो. त्यांनी सोडलं होतं ते नेमकं धरून ठेवायचं होतं.

"तेल किती घालता?"

"अंदाजानं. पळीनं."

"ती पळी घेऊन या पुढच्या वेळी."

त्या हसल्या, पण आणली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बूड काळं पडलेलं, दांडा एकदा रिबिट मारून बसवलेला. खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं झाकण घेतलं आणि आम्ही दोघींनी पाणी मोजलं. चार झाकणं गेली आणि वर थोडं. शेवभाजीला अशा दोन पळ्या फोडणीला, आणि तर्री दिसावी म्हणून वरून एक. "तर्री नसली तर सासूबाई म्हणतात, ही काय शेवभाजी?"

मग डब्याचा हिशेब. 15 लिटरचा डबा चार माणसांना दोन महिने पुरायचा. म्हणजे माणशी रोज 55 ग्रॅमच्या वर तेल, जवळपास 500 कॅलरी. तळणीचं थोडं वाया गेलं असं धरलं तरी बैठ्या कामाच्या माणसाला पुरणाऱ्या 20 ते 30 ग्रॅमच्या हे बरंच पुढे. अर्धा तास झपाझप चालून जेवढं जळतं तेवढं एका मोठ्या चमचाभर तेलात असतं. नुसतं चालून वजन का उतरत नाही, ते ताईंना त्या पळीनं माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

आम्ही पदार्थ एकही बंद केला नाही. शेवभाजी रविवारीच, एका पळीत, शेव ताटात वाढताना. बट्टी तळायच्या ऐवजी भाजून, वर तूप चमचाभर. दुपारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी परत आली, सोबत मुगाची किंवा मटकीची उसळ. उडीद असल्यानं कळण्याच्या भाकरीत प्रथिनंही जरा बरी मिळतात. पाचच्या भुकेला एक केळं नाहीतर मूठभर फुटाणे. (केळ्यानं लठ्ठ होतो का, हे मला रावेर-यावलकडची माणसंसुद्धा विचारतात! एका केळ्यात शंभरेक कॅलरी, बस.) जेवण आठला. सासूबाईंना काही सांगू नका म्हटलं. महिनाभर त्यांना कळलंच नाही.

व्यायामाला जिम नव्हती, वेळही नव्हता. गुडघे दुखत असल्यामुळे आधी खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग शेजारणीसोबत सकाळी सहाला वीस मिनिटं, रात्री जेवणानंतर गल्लीतच पंधरा. सगळ्यांना सुचवला जातो तो आठवड्याला 150 मिनिटांचा आकडा गाठायला सव्वा महिना लागला. उन्हाळ्यात पारा 43-44 वर जातो, तेव्हा सकाळचं चालणं साडेपाचला आणलं.

एप्रिलपर्यंत 72. आणि मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेर, झोका, सांजोऱ्या, आमरस, खापरावरची पुरणपोळी. परत आल्या तेव्हा 73.4. फोन उचलेनात. शेवटी मीच निरोप धाडला: गोडाधोडाच्या चार दिवसांत किलोभर चरबी साठायला सात-आठ हजार कॅलरी वरच्या खाव्या लागतात, तेवढं तुम्ही खाल्लेलं नाही. हे बरंचसं पाणी आहे, आठवडाभर काट्यावर चढू नका. दहा दिवसांनी 72.3. नवऱ्याला अजूनही हे सगळं हळूच वाटतं.

दिवाळीत वजन 69. कंबर सात सेंटिमीटरनं कमी, साखर 5.6. गुडघ्यांची तक्रार पूर्ण गेली नाही, पण जिना एका दमात चढतात.

परवा रात्री त्यांचा फोन आला. भावाच्या शेतात भरताची पार्टी, पंचवीस माणसं, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजणार. "मॅडम, तिथं तेल मोजू कसं?"

"मोजू नका," म्हटलं. "दुपारी पोटभर जेवून जा, उपाशी जाऊ नका. आणि पुऱ्या दोन."

"तीन," त्या म्हणाल्या.